ट्रकच्या ट्रायलची तयारी: कागदापासून रिव्हर्सपर्यंत, क्रमानं

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा ट्रकच्या ट्रायलला, म्हणजे लायसन्ससाठी गाडी चालवून दाखवायच्या परीक्षेला, बसला. चार वर्षं क्लिनर म्हणून काढलेली, मालकाच्या यार्डात गाडी पुढेमागे घ्यायचा सराव. इन्स्पेक्टर साहेब केबिनमध्ये बसले आणि "चला" म्हणाले. यानं चावी मारली, बझर ओरडत असतानाच गिअर टाकला, हँड ब्रेकचा दांडा मोकळा केला आणि क्लच सोडला. गाडी हलेना. त्यानं रेस वाढवली, गाडीनं एक गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडलं. खाली उतरून मला म्हणाला, "वस्ताद, गाडीतच काहीतरी बिघाड आहे." गाडी ठणठणीत होती. ब्रेकच्या टाकीत हवा भरायच्या आधीच तो निघाला होता.

मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये अवजड गाडी शिकवताना मला दर महिन्याला त्याच त्या चुका दिसतात. गाडी पुढे काढायला बहुतेकांना जमतं. अडतं ते निघायच्या आधीच्या पाच मिनिटांत, आरशात, चढावर आणि रिव्हर्सला. म्हणून हा क्रम लिहिला आहे. टप्पे याच क्रमानं करा. हवेचा टप्पा कच्चा ठेवून चढाच्या सरावाला गेलात, तर चढावर काय चुकतंय तेच कळणार नाही.

## टप्पा १: तारखांचा हिशेब

गाडीला हात लावण्याआधी वही-पेन घ्या. ट्रान्सपोर्टच्या, म्हणजे ट्रकसारख्या धंद्याच्या गाड्यांच्या, लायसन्ससाठी वय २० पूर्ण हवं आणि हातात हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे कार-जीपचं, पक्कं लायसन्स किमान एक वर्ष असायला हवं. मोटारसायकलचं लायसन्स पाच वर्षं जुनं असलं तरी इथे धरत नाहीत. कारचं पक्कं लायसन्स मिळाल्याची तारीख पाहा आणि त्यात एक वर्ष मिळवा. त्याआधी केलेला अर्ज फुकट जातो.

तुम्हाला हे लायसन्स खरंच लागतं का, हेही पाहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल, आणि ते आरसी बुकात लिहिलेलं असतं. छोटा हत्ती किंवा पिकअप चालवायची असेल तर या सगळ्यात पडायचं कारण नाही. त्यावरच्या गाड्यांना ट्रान्सपोर्ट हवंच.

अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर होतो. तुमच्याकडे आधीचं लायसन्स असल्यामुळे नवा वर्ग वाढवायचा असतो, पण त्यासाठीही आधी त्या वर्गाचं लर्निंग काढावं लागतं. कार्डावर ‘एचएमव्ही’ (अवजड मोटार वाहन) शोधू नका. आपल्याकडच्या कार्डावर ‘ट्रान्स’ असं छापून येतं.

आता खरा हिशेब. लर्निंग सहा महिने चालतं. ते काढल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय ट्रायल देता येत नाही. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं, पण तीनदा नापास झालात तर शेवटच्या ट्रायलपासून ६० दिवस थांबावं लागतं. समजा १ जूनला लर्निंग काढलं. ट्रायल जुलैत उघडते आणि मुदत नोव्हेंबरअखेर संपते. पहिली ट्रायल ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिलीत तर तीन प्रयत्न, मधले ६० दिवस आणि चौथा प्रयत्न, सगळं मुदतीत बसतं. ऑक्टोबरपर्यंत ढकललंत तर तीनदा नापास झाल्यावर लर्निंगच संपेल आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. दरवर्षी दोन-चार मुलं अशी अडकतात आणि प्रत्येक वेळी मला चुटपूट लागते, कारण हे कॅलेंडर बघून टाळता येण्यासारखं असतं.

लागणारे कागद: मूळ लायसन्स, लर्निंग, पत्त्याचा पुरावा, डॉक्टरांनी दिलेला फॉर्म १-अ आणि ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म ५. कारच्या वेळी स्कूलच्या दाखल्याशिवाय भागलं असेल, ट्रान्सपोर्टला तो लागतोच.

तपासा: आधार, जुनं लायसन्स आणि अर्ज, तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर सारखी आहे का? वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीपायी अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

## टप्पा २: डोळे, डॉक्टरकडे जायच्या आधी

फॉर्ममध्ये विचारलेलं असतं की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, प्रत्येक डोळ्यानं वेगवेगळी. हे घरीच बघा. उभ्या गाडीपासून साधारण ३५ पावलं मोजा, एक डोळा झाका, वाचा, मग दुसरा झाका. लाल आणि हिरवा रंग ओळखणं, रात्री दिसणं आणि ऐकू येणं हेही विचारतात. चष्मा लागत असेल तर आत्ताच लावून घ्या आणि पूर्ण सराव चष्म्यातच करा. ट्रायलच्या आठवड्यात नवा चष्मा लावला की आरशातली अंतरं वेगळी वाटायला लागतात.

## टप्पा ३: स्कूल आणि गाडी

ट्रान्सपोर्टच्या प्रशिक्षणाला नियमानं किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास लागतात. ‘प्रत्यक्ष’ या शब्दावर अडून राहा. एका ट्रकमध्ये पाच मुलं नेली आणि तासभर फिरवून आणलं, तर तुमच्या वाट्याला बारा मिनिटं येतात. रोज किती मिनिटं स्टिअरिंग हातात होतं ते वहीत लिहा. महिन्यानंतर बेरीज सहा तास निघाली तर स्कूलकडे उरलेले नऊ मागा. तो तुमचा हक्क आहे आणि पैसेही तुम्ही भरलेले आहेत.

नाव घालायच्या आधी एकच प्रश्न विचारा: ट्रायलला कोणती गाडी येणार? सराव त्याच गाडीवर हवा. एका ट्रकचा क्लच खालून पकडतो, दुसऱ्याचा वरून. एकाचं स्टिअरिंग बोटानं फिरतं, दुसऱ्याला खांदे लागतात. मालकाच्या दहा चाकीवर महिनाभर हात बसवून ट्रायलला स्कूलच्या जुन्या सहा चाकीवर बसलेली मुलं पहिल्याच गिअरला गोंधळतात.

सावधान: लर्निंगवर एकट्यानं ट्रक रस्त्यावर काढायचा नाही, मालक कितीही म्हणाला तरी. शेजारी त्या वर्गाचं लायसन्स असलेला माणूस हवा, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला. पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. खडूनं काढलेला ‘एल’ पहिल्या पावसात जातो.

## टप्पा ४: गाडीभोवती फेरी

ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करा. पुढून वळसा, डावी बाजू, मागची बाजू, उजवी बाजू, परत दार. दिशा रोज तीच ठेवा, म्हणजे घाईतसुद्धा काही सुटत नाही.

पुढे उभं राहून गाडी एका बाजूला झुकली आहे का पाहा. झुकली असेल तर पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) किंवा टायर. खाली जमिनीवर ऑइलचा, पाण्याचा डाग आहे का? ऑइलची पट्टी काढून पुसा आणि पुन्हा बुडवून बघा. रेडिएटरचं पाणी इंजिन थंड असतानाच पाहायचं, गरम झाकण उघडायचं नाही.

मागच्या जोडचाकांना टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाज ऐका. हवा असलेला टायर टणटणतो, बसलेला भदभद वाजतो. जोडीतला आतला टायर बसलेला असला तरी बाहेरचा गाडी उचलून धरतो, त्यामुळे नुसत्या नजरेला कळत नाही. दोन टायरांच्या मध्ये दगड अडकला असेल तर काढा, वेगात तो मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर उडतो. नटाखालून गंजाचे ओघळ दिसले तर तो नट ढिला असण्याची शक्यता असते.

पुढे हवेच्या टाक्या. टाकीखालची कडी ओढली की साठलेलं पाणी बाहेर पडतं. पावसाळ्यात रोज ओढा. शेवटी फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या फळीच्या, खिट्ट्या, मागचे दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर. ब्रेक लाइट एकट्याला दिसत नाही, तेव्हा कुणालातरी मागे उभं करा.

ट्रायलच्या दिवशीही ही फेरी माराच, साहेब बघत असोत किंवा नसोत. निघण्याआधीची खबरदारी हा परीक्षेच्या यादीतला मुद्दा आहे.

## टप्पा ५: केबिनमधली पाच मिनिटं

इथला क्रम असा: सीट, आरसे, बेल्ट, न्यूट्रल, चावी, हवा. आधी आरसे लावून मग सीट सरकवली तर आरसे पुन्हा लावावे लागतात. तरी दहातली निम्मी मुलं तसंच करतात.

सीट. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून क्लच दाबणारा माणूस तासाभरात अर्धाच क्लच दाबायला लागतो आणि मग गिअर घासतात.

आरसे. दोन्ही बाजूंच्या आरशात आपल्या गाडीची कड आरशाच्या साधारण एक चतुर्थांश भागात दिसावी, बाकी रस्ता. मागचं चाक जिथं जमिनीला टेकतं ती जागा दिसलीच पाहिजे. ती दिसत नसेल तर पुढचे वळणाचे आणि रिव्हर्सचे टप्पे अंधारात करावे लागतील.

मग हा प्रयोग करा. मी प्रत्येक नव्या मुलाकडून पहिल्याच दिवशी करून घेतो. गाडी बंद, हँड ब्रेक लावलेला. तुम्ही सीटवर बसा आणि मित्राला लाल हेल्मेट घालून डाव्या दाराजवळून बंपरकडे हळूहळू चालत जायला सांगा. आरशातलं लाल हेल्मेट एका जागी नाहीसं होतं. दोन-तीन पावलं काहीच दिसत नाही, आणि मग तो समोरच्या काचेत उगवतो. पुढे बंपरला चिकटून वाकला की पुन्हा गायब. मग जागा बदला, तुम्ही खाली उभे राहा आणि मित्राला वर बसवा. वरून त्याला तुम्ही दिसत नाही, हे खाली उभं राहून अनुभवा. सिग्नलला मोटारसायकलवाला आणि शाळेची पोरं नेमकी तिथंच येऊन थांबतात. हा प्रयोग केलेला मुलगा आयुष्यभर डावीकडे वळण्याआधी एक क्षण थांबतो, हे मी पैजेवर सांगेन.

हवा. इंजिन सुरू केल्यावर बझर ओरडतो, कारण टाकीत हवा कमी असते. रेस थोडी वर ठेवून थांबा. बझर बंद झाला म्हणून लगेच निघू नका, हवेचा काटा ६ च्या वर जाऊन स्थिर होऊ द्या.

हे का, ते समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. मुलांना वाटतं हवा ब्रेक लावते. पायाच्या ब्रेकचं तसंच आहे. पण पार्किंग ब्रेकचं, म्हणजे हँड ब्रेकचं, काम उलट चालतं. मागच्या चाकांच्या ब्रेकमध्ये एक दणकट स्प्रिंग असते, ती ब्रेक आवळून धरते. हवा भरली की ती स्प्रिंगला मागे रेटते आणि चाक मोकळं होतं. हवाच नसेल तर तुम्ही दांडा मोकळा करा नाहीतर काहीही करा, स्प्रिंग सोडणार नाही. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाची गाडी म्हणूनच जागची हलली नाही.

आता गळती तपासा. सपाटीवर, चाकाला ठोकळा लावून, हवा पूर्ण भरल्यावर इंजिन बंद करा, ब्रेकचा पाय दाबून मिनिटभर धरा. काटा सुरुवातीला थोडा उतरून थांबला पाहिजे. उतरतच राहिला किंवा खालून फुस्स आवाज आला, तर त्या गाडीवर सराव करायचा नाही आणि ट्रायल तर नाहीच.

सावधान: टेम्पो किंवा जुन्या जीपवर हात बसलेल्यांना ब्रेक पुन्हापुन्हा मारायची सवय असते. एअर ब्रेकला प्रत्येक पंपाला टाकीतली हवा खर्च होते. उतारावर पाच-सहा वेळा पंप केलंत की बझर सुरू होतो. एकदा दाबा, लागेल तेवढा धरा, सोडा.

## टप्पा ६: निघणं आणि गिअर

उजवा आरसा, इंडिकेटर, पुन्हा आरसा, मान वळवून बघणं, आणि मग क्लच. आधी इंडिकेटर देऊन मागाहून आरसा बघणारे खूप. नियमातल्या यादीत आरसा सिग्नलच्या आधी आहे.

ट्रायलमध्ये गिअर क्रमानं टॉपपर्यंत नेता आले पाहिजेत, आणि टॉपवरून पटापट खाली आणता आले पाहिजेत. अडतात ते खाली आणताना. आधी ब्रेकनं वेग कमी करा, मग गिअर. वेग जास्त असताना खालचा गिअर रेटला की तो जात नाही, गाडी न्यूट्रलमध्ये लोंबकळते आणि घाबरून माणूस खाली गिअरकडे बघतो. नजर रस्त्यावरून हलली तर साहेबांना ते लगेच दिसतं. जुन्या गिअरबॉक्सला खाली येताना डबल क्लच लागतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलकी रेस, पुन्हा क्लच आणि गिअर. हे आधी उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, पन्नास वेळा करा.

गिअर बदलून झाला की डावा पाय क्लचवरून काढून खाली ठेवायचा. क्लचवर पाय टेकवून चालवणं ही क्लिनरपासून ड्रायव्हर झालेल्यांची जुनी खोड आहे.

## टप्पा ७: वळण

कारमध्ये बसलेलो असताना मागची चाकं पुढच्यांच्या मागून येतात असं वाटतं. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत चार-पाच मीटर अंतर असतं, त्यामुळे मागची चाकं कोपरा कापून आतून जातात. पुढचं चाक कोपऱ्यावर आल्याबरोबर स्टिअरिंग फिरवलं की मागचं चाक फुटपाथवर चढतं. डावीकडे वळताना थोडं जास्त पुढे जा, मग फिरवा, आणि फिरवताना डाव्या आरशात मागच्या चाकावर नजर ठेवा.

त्याच वेळी गाडीची शेपटी विरुद्ध बाजूला झाडते. मागच्या चाकांच्या मागे जेवढी बॉडी बाहेर असते तेवढी ती फिरते. डावीकडे तीव्र वळलात तर मागची उजवी बाजू शेजारच्या लेनमध्ये जाते. हे डोळ्यांनी पाहण्यासाठी मोकळ्या मैदानात मागच्या उजव्या कोपऱ्याखाली चुन्याची रेघ मारा, दुसऱ्याला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून हळू गाडी काढायला सांगा आणि तुम्ही बाजूला दूर उभे राहा. शेपटी रेघ ओलांडून बाहेर येताना दिसेल.

डावीकडे वळण्याआधी जागा मिळावी म्हणून थोडं उजवीकडे सरकावं लागतं. तेव्हा डावीकडे फट पडते आणि दुचाकी तिथं घुसते. म्हणून इंडिकेटर लवकर, वेग चालण्याइतका, आणि वळायच्या क्षणी डावा आरसा पुन्हा एकदा.

तपासा: सलग दहा डावी वळणं, एकदाही मागचं चाक कडेला न लागता. नऊ झाली आणि दहाव्याला लागलं तर पुन्हा एकपासून.

## टप्पा ८: चढावर थांबून निघणं

सगळ्यात जास्त नापास इथे होतात. नियमाची अट स्पष्ट आहे: चढावर थांबायचं आणि गाडी मागे न सरकता निघायचं. वीतभर सरकली तरी ते सरकणंच.

१. चढावर पायाच्या ब्रेकनं थांबा, पार्किंग ब्रेक लावा, मग पाय सोडा. गाडी धरून राहिली का ते जाणवू द्या.
२. हवेचा काटा बघा. कमी असेल तर थांबा. चढावर घाई करायला कुणी सांगितलेलं नाही.
३. पहिला गिअर. हलकी रेस, आणि क्लच इतका हळू वर आणा की इंजिनाचा आवाज जड होईल. केबिनचं नाक किंचित वर उचललं जातं, सीटखालून एक थरथर येते. तीच जागा. पाय तिथंच धरा.
४. आता पार्किंग ब्रेक सोडा. फुस्स आवाज येऊन हवा स्प्रिंगला रेटते, त्याला क्षणभर लागतो. तो क्षण क्लच जिथं आहे तिथंच राहू द्या.
५. गाडी पुढे सरकली की रेस वाढवा आणि क्लच पूर्ण सोडा.

चुका दोन प्रकारच्या. काहीजण ब्रेक आधी सोडतात आणि क्लच मागून आणतात, गाडी मागे जाते. काहीजण घाबरून भरपूर रेस देऊन क्लच निम्म्यावर घासत राहतात, मग जळका वास येतो. वास आला तर थांबा, दहा मिनिटं क्लच थंड होऊ द्या.

मागे सरकतोय की नाही ते अंदाजानं ठरवू नका. उजव्या आरशात झाड, खांब, काहीतरी स्थिर वस्तू पकडा. मागच्या चाकामागे दीड-दोन मीटरवर रिकामा पुठ्ठ्याचा खोका ठेवून सराव करा आणि दर वेळी अंतर थोडं कमी करा. चाकामागे माणूस कधीही उभा करायचा नाही.

## टप्पा ९: उतार

न्यूट्रल करायचं नाही. ही सवय असेल तर ट्रायलच्याही आधी सोडा. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेल्या ट्रकांनी किती माणसं चिरडली आहेत, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत वाचलं आहे. डिझेल वाचतं ते थोड्या रुपयांचं.

जो चढ ज्या गिअरवर चढतो, तो उतार साधारण त्याच गिअरवर उतरायचा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. अर्ध्या उतारावर वेग वाढलेला असताना खालचा गिअर जात नाही आणि गाडी आपोआप न्यूट्रल होते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) असेल तर वापरा, पण तो गिअरमध्ये आणि क्लच सोडलेला असतानाच काम करतो. पायाचा ब्रेक सतत चोळत राहू नका. चाकातले ब्रेकचे ड्रम तापले की त्यांना घासणारे लायनर पकड सोडतात आणि मग कितीही जोर लावा, उपयोग नाही. वेग वाढला की एकदा खंबीर दाबा, वेग उतरला की सोडा, ड्रमला हवा लागू द्या.

## टप्पा १०: रिव्हर्स

ट्रायलमध्ये मागे घेत मर्यादित जागेत, डावीकडे किंवा उजवीकडे, शिरून दाखवायचं असतं. ट्रकची रुंदी कायद्यानं जास्तीत जास्त २.६ मीटर. सरावाला चार बांबू रोवा किंवा रिकामे डबे ठेवा. पहिले काही दिवस साडेचार मीटरची फट, मग चार, शेवटी साडेतीन.

सुरुवात नेहमी उजव्या बाजूनं करा, म्हणजे आत जाणारं चाक तुमच्या खिडकीच्या बाजूला असतं. ते बसलं की डावी बाजू. डावीकडून शिरताना सगळी भिस्त डाव्या आरशावर असते, म्हणून टप्पा ५ मध्ये आरसा नीट लागलेला हवा.

गाडी उभी असताना स्टिअरिंग पिळू नका. ती मुंगीच्या पावलानं हलत असताना फिरवा. आरशात मागचं चाक आणि जवळचा बांबू एकत्र बघा. चाक बांबूच्या जवळ जायला लागलं की स्टिअरिंग सोडवा. मुलांची नजर मागे लागते आणि पुढचा भाग विसरला जातो. मागे घेताना पुढची डावी-उजवी बाजू बाहेर झाडते, तिथं उभी असलेली मोटारसायकल पहिली जाते. दोन सेकंद मागे, एक सेकंद पुढे, असं बघत राहा.

चुकतंय असं वाटलं तर थांबा. पुढे घेऊन सरळ करा आणि पुन्हा या. ते बांबू पाडण्यापेक्षा शंभरपट बरं.

सरावात क्लिनर मागे असेल तर तो तुमच्या उजव्या आरशात दिसेल अशाच जागी उभा हवा. तो आरशातून गेला की त्याच क्षणी ब्रेक, शिटी वाजत असली तरी. ट्रायलमध्ये मात्र त्याच्या शिटीवर विसंबू नका. शेवटचा आठवडा क्लिनरशिवाय, बांबूंवरच काढा.

## टप्पा ११: ट्रायलचा दिवस

आदल्या रात्री गाडीवर जाऊ नका, झोपा. सकाळी गाडीचे कागद बघा: आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस. एखाद्याची मुदत कालच संपलेली असते. गाडी चालू स्थितीत हवी, त्यामुळे फुटलेला इंडिकेटर स्कूलकडून आदल्या दिवशीच बदलून घ्या. चप्पल नको, पाय पकडणारे बूट घाला.

नंबर येईपर्यंत पुढच्या मुलाची ट्रायल बघत उभे राहा, पण त्याच्या चुकीवर चर्चा करत बसू नका. साहेब चिन्हांबद्दल, हाताच्या इशाऱ्यांबद्दल विचारू शकतात. हाताचे इशारे हल्ली कुणी देत नाही, म्हणून ते विसरतात.

केबिनमध्ये चढल्यावर टप्पा ५ पूर्ण करा. साहेब शेजारी बसले आहेत म्हणून हवा लवकर भरत नाही. बझर वाजत असेल तर सरळ सांगा, "साहेब, हवा भरतेय." हे ऐकून आजवर कुणी रागावलेलं मी पाहिलं नाही. चालवताना सूचना नीट ऐकू आली नाही तर पुन्हा विचारा. अंदाजानं चुकीच्या बाजूला वळू नका.

आणि कुणी एजंट गेटवर भेटून ‘ट्रायल न देता करून देतो’ म्हणाला तर त्याच्याकडे बघूही नका. ट्रायल चुकवून आलेला माणूस पहिल्याच घाटात सापडतो, आणि तेव्हा मागे माल असतो, पुढे एसटी असते.

## टप्पा १२: निकालानंतर

नापास झालात तर तिथंच, शांतपणे, कारण विचारा आणि वहीत लिहा. ‘चढावर मागे गेली’, ‘आरसा पाहिला नाही’, जे असेल ते. पुढचे सात दिवस फक्त तेवढाच टप्पा करा. सगळंच पहिल्यापासून केलं की चांगलं जमणारंही बिघडतं. चाचणीची फी पुन्हा भरावी लागते आणि लर्निंगची मुदत धावत असते, म्हणून टप्पा १ मधलं कॅलेंडर उघडून बसा.

पास झालात तर ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षं चालतं. पेट्रोल, गॅस, रसायनांचा टँकर एवढ्यावर चालवता येत नाही. त्यासाठी धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर वेगळी नोंद करावी लागते.

ट्रायल बहुधा रिकाम्या गाडीवर होते. पहिला भरलेला ट्रक हातात येईल तेव्हा ब्रेकला गाडी कितीतरी लांब जाऊन थांबेल, दुसऱ्या गिअरवर निघणारी गाडी पहिला मागेल, आणि वळणावर हौद्यातला माल एका बाजूला कलेल. पहिले पंधरा दिवस शेजारी जुना ड्रायव्हर मागून घ्या आणि पहिल्या फेऱ्या दिवसाच्या, सपाटीच्या रस्त्यानं करा. मालक ऐकत नसेल तर त्याला मला फोन करायला सांगा, असं मी माझ्या मुलांना सांगून ठेवतो, आणि आजवर तीन मालकांचे फोन आलेही आहेत.